खुणेपर्यंत

१९८४ च्या दिवाळीआधी आईनं माझा कॉलेजचा पांढरा शर्ट कयाधू नदीच्या दगडावर दोनदा आपटला आणि त्याच्या पोटाची चाळणी झाली. आदल्या संध्याकाळी मी तो खुंटीला अडकवला तेव्हा धड होता. पोटाशी चार-पाच ठिपके होते, पाणी उडून वाळल्यासारखे, एवढंच. धुतल्यावर ठिपक्यांच्या जागी भोकं आली. निरखून बघितलं तर तीही पुरती भोकं नव्हती. कापड टेरिकॉटचं; त्यातलं कॉटन नाहीसं झालेलं आणि टेरीचे धागे कोळ्याच्या जाळ्यासारखे जागच्या जागी उभे.

"काय सांडून घेतलंस?" आईनं विचारलं.

"ॲसिड."

"काय?"

ओसरीवरून आजोबा म्हणाले, "तेजाब म्हण की. तिला कसं कळंल?"

आजोबांचं शिक्षण निजामाच्या काळातलं, म्हणजे उर्दूतलं. १९१८ साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठानं विज्ञानसुद्धा उर्दूतून शिकवलं, त्यासाठी भाषांतराचं वेगळं खातं काढून पुस्तकं करवून घेतली. तिथले शब्द झिरपत झिरपत मराठवाड्याच्या खेड्यांत आले, काही सोनाराच्या दुकानातून आले. माझ्या शाळेच्या पुस्तकात त्याच तेजाबाचं 'आम्ल' झालं आणि हिंगोलीच्या कॉलेजात 'ॲसिड'. बाटली एक, नावं तीन. स्वभाव तेवढा कोणत्याच नावानं सुधारला नव्हता.

चूक माझीच होती. सल्फ्युरिक ओतून झालेलं लहान चंचुपात्र मी थेट नळाखाली धरलं. तळाशी दोन-तीन मिली उरलं असेल, पण तेवढं पुरलं. संहत सल्फ्युरिकची घनता १.८४, पाण्याच्या दुपटीला टेकलेली. ते तळ धरून बसतं आणि वरून पडलेलं पाणी त्याच्यावर तरंगतं. दोघांची गाठ पडते तिथं एवढी उष्णता निघते की पाणी जागच्या जागी उकळतं आणि उडताना आम्लाचे थेंब सोबत घेऊन उडतं. तेच भरपूर पाण्यात आम्ल बारीक धारेनं सोडलं, तर ते जड असल्यामुळं खाली जाता जाता मिसळतं आणि उष्णता वाटून घ्यायला भोवती पाणी असतं. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही, घडाघडा म्हणून दाखवलं असतं. आमच्या लॅबवाल्या मामांनी तर पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "पोरांनो, नवरी सासरी जाती, सासर नवरीकडं जात नाही. तेजाब पाण्यात, पाणी तेजाबात नाही." आमच्या बॅचला चार मुली होत्या. त्या चौघींनी मामांकडं ज्या नजरेनं बघितलं ती मला नियमापेक्षा जास्त लक्षात राहिली, आणि बहुधा तिथंच घोटाळा झाला.

शर्ट घेऊन मी गावातल्या शिंप्याकडं गेलो. आमचं गाव नरसी. दामाशेटी आणि गोणाई या शिंपी दांपत्याच्या पोटी १२७० साली इथं नामदेव महाराज जन्मले, त्यामुळं आमच्याकडं शिंप्याचं दुकान हे नुसतं दुकान नसतं. त्यानं शर्ट उजेडात धरला, जाळीतून माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "कपडा फाटला तर मी हाय. पर हा फाटला न्हाई, ह्यातलं अर्धं कापड कुणीतरी खाल्लं." रसायनशास्त्राचा इतका नेमका निष्कर्ष त्या वर्षी मला दुसऱ्या कुणी सांगितला नाही.

तेव्हा हिंगोली हा परभणी जिल्ह्यातला तालुका होता. जिल्हा झाला १ मे १९९९ ला. सकाळच्या एसटीनं आम्ही पाच-सहा जण नरसीहून कॉलेजला जायचो. लॅब म्हणजे एक लांबट खोली, मध्ये काळपट लाकडी टेबलं, टेबलांवर आडवी फळी आणि फळीवर बाटल्यांची रांग. प्रत्येक बाटलीवर दोनच अक्षरांतला भेद: 'कॉन्क.' किंवा 'डिल.' पुस्तकात त्याला संहत आणि विरल म्हणत. मामा म्हणत घट्ट आणि पातळ. मामांचे शब्द ऐकले की आमटी डोळ्यासमोर यायची, पण अर्थ पक्का बसायचा.

त्या 'डिल.' बाटल्या कुठून येतात हा प्रश्न बरेच दिवस आम्हाला पडला नव्हता. एका शनिवारी एसटी चुकली म्हणून मी लॅबमागच्या खोलीत डोकावलो, तर मामा सोमवारच्या बाटल्या भरत होते. सल्फ्युरिक बाटलीतून येतं ते साधारण ३६ नॉर्मल. त्याचं अर्धा लिटर २ नॉर्मल करायचं. एन-वन व्ही-वन बरोबर एन-टू व्ही-टू. हिशेब येतो २८ मिलीच्या आसपास. मामांना सूत्र येत नव्हतं. भिंतीवर खडूनं लिहिलेला एक तक्ता होता, कुण्या जुन्या सरांनी करून दिलेला, कोणत्या आम्लाचं किती घेतलं की किती होतं. पण हात बघण्यासारखे होते. मोठं चंचुपात्र घमेल्यात, घमेल्यात गार पाणी. पात्रात आधी बरंचसं ऊर्ध्वपातित पाणी. काचेची कांडी पात्राच्या कडेला टेकवलेली आणि आम्ल तिच्यावरून ओघळत उतरतंय. थोडं ओतलं की थांबायचं, ढवळायचं, तळहात पात्राच्या बाहेरून लावून बघायचं, परत थोडं. अठ्ठावीस मिली ओतायला त्यांनी पंधरा मिनिटं घेतली असतील. मधे एकदा विडी आठवली म्हणून बाटलीला बूच लावून ते बाहेर गेले आणि परत येऊन हात धुऊन पुढचं ओतायला लागले.

"एवढा वेळ?" मी विचारलं.

"गार व्हाया नको? गरम गरम भरलं तर उद्या खुणेच्या खाली बसतंय."

त्या वाक्याचा अर्थ मला पुढं एम.एस्सी.ला गेल्यावर कळला. खुणेच्या चंबूवर, म्हणजे लांब मानेच्या, पोटात फुगलेल्या मोजचंबूवर, तापमान छापलेलं असतं. युरोपातल्या काचेवर बहुधा २० अंश असतं, आपल्याकडच्या बऱ्याच काचसामानावर २७. त्या तापमानाला खुणेपर्यंतचं पाणी बरोबर २५० मिली. आमच्याकडं उन्हाळ्यात खोलीतलं पाणीच चाळिशीला पोचतं. तेव्हा खुणेपर्यंत भरलेलं पाणी २७ अंशांवर आणलं तर मिलीभर तरी कमी भरतं. सल्फ्युरिक मिसळून कोमट झालेल्या द्रावणाची तर गोष्टच नको. मामांनी हे कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. रात्रीत खाली उतरलेलं पाणी बघितलं होतं.

चंबूची ती खूण म्हणजे मानेभोवती कोरलेली एक रेघ. आमच्या दोन वर्षांच्या सगळ्या प्रॅक्टिकलमध्ये मला अजून हाताला आठवतं ते एवढंच. ऑक्झॅलिक आम्लाचं डेसिनॉर्मल द्रावण करायचं असे. १.५७५ ग्रॅम वजन करायचं: काचेच्या पेटीतला तराजू, चिमट्यानं उचलायची वजनं, एक ग्रॅम, पाचशे, पन्नास, वीस मिलिग्रॅम आणि उरलेले पाच दांडीवरच्या रायडरनं. श्वास रोखून. साठ मुलांना तराजू चार, त्यातला एक कायम दुखणाईत. मग नरसाळ्यातून स्फटिक चंबूत सोडायचे, नरसाळं धुऊन ते पाणीही आतच. अर्धा चंबू भरून गोल गोल फिरवायचा, सगळं विरघळलं की पुढं भरायचं. रेघेच्या खाली बोटभर राहिलं की वॉश-बॉटल ठेवून ड्रॉपर हातात. इथून खरी मजा. गुडघे मोडून खाली बसायचं, डोळा रेघेच्या पातळीत आणायचा. डोळा वर किंवा खाली असला की रेघ लंबगोल दिसते; बरोबर समोर आला की पुढची आणि मागची रेघ एकमेकींत मिसळून एकच होते. मग थेंब. पाण्याचा पृष्ठभाग मध्ये खोलगट असतो, त्या खळग्याचा तळ रेघेला टेकला पाहिजे. एक थेंब, अजून नाही. अजून एक. टेकला. बूच लावून चंबू उलटा-सुलटा, वीसेक वेळा, कारण मानेतलं पाणी खाली गेल्याशिवाय द्रावण एकजीव होत नाही. हे शेवटचं बहुतेक पोरं विसरायची, आणि मग वरच्या पाण्याचं टायट्रेशन करून उत्तर निम्मं का येतंय म्हणून कपाळाला हात लावून बसायची.

आणि एक थेंब जास्त झाला तर? काही नाही, ओतून द्यायचं आणि तराजूच्या रांगेत परत उभं राहायचं. वरचं पाणी ड्रॉपरनं काढून घ्यायची आयडिया दरवर्षी कुणालातरी सुचायची. मामा लांबूनच ओरडायचे, "पाण्यासंगं औषध पन काढलंस बाबा!" आमच्या शिंप्याला मी हे सांगितलं तेव्हा त्याला पटलं. कापड कमी कापलं गेलं तर सांधा लावता येतो, पट्टी जोडता येते. खुणेवर चढलेल्या पाण्याला सांधा नाही.

पर्मँगनेटचं मात्र उलटं. त्याचा जांभळा इतका गडद की खळग्याचा तळ दिसतच नाही, म्हणून वरची कड वाचायची. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेले परीक्षक हमखास हा प्रश्न विचारत. त्यांना दुसराही एक आवडता प्रश्न होता, आणि तो खास आमच्या भागासाठीच केलेला असावा असं मला वाटायचं: "लिटमस नसेल तर काय वापराल?" हळद. अल्कलीत लालसर तपकिरी होते. आमच्याकडं हे सांगायला पुस्तक लागत नव्हतं. हळद शिजवण्याच्या दिवसांत पिवळा डाग पडलेलं धोतर साबण लागला की लाल व्हायचं, आणि हळदीत चुना पडला की त्याचं काय होतं हे कुंकवाच्या करंड्यानं घरोघरी शिकवून ठेवलेलं होतं.

आठवणी उगाळताना माणूस चांगलं तेवढं उगाळतो, म्हणून दुसरी बाजूही सांगून टाकतो. आम्ही पिपेट तोंडानं ओढायचो. ऑक्झॅलिक आम्ल हे विष आहे हे पुस्तकाच्या पान अमुकवर छापलेलं होतं आणि तेच आम्ही २५ मिलीच्या खुणेपर्यंत ओठांनी ओढत होतो. एकदा पिपेटचं टोक पाण्याबाहेर आलं, हवा शिरली आणि तोंडभर कॉस्टिक सोडा. जीभ दोन दिवस बुळबुळीत आणि चव गेलेली. आईला वाटलं मला नजर लागली. चष्मा हा फक्त डोळे अधू असणाऱ्यांनी घालायचा दागिना होता. फ्यूम कपाट होतं, त्यात चॉकचे डबे असत. फुटलेल्या थर्मामीटरचा पारा आम्ही तळहातावर खेळवलाय. आणि परीक्षेच्या दिवशी 'बरोबर' उत्तर किती हे आमच्या कॉलेजात दहा मिनिटांत सगळ्या टेबलांवर पोचलेलं असायचं. मग ब्युरेटमध्ये काहीही येवो, जर्नलमध्ये तीन रीडिंग तंतोतंत एकसारखी. मी स्वतः तेच केलं. एका थेंबासाठी गुडघे टेकणारा आणि दोन तासांनी आकडे मागून आणणारा मुलगा एकच होता.

पुढं मी रसायनशास्त्रच शिकवलं, तीसेक वर्षं. त्या काळात आमच्या टेबलावरचं एकेक सामान बदलत गेलं. तोंडाची जागा आधी रबरी फुग्यानं घेतली, मग चाकाच्या पंपानं. गंमत अशी की 'पिपेट' आणि 'ब्युरेट' ही नावं गे-लुसॅक या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं १८२४ मध्ये चलनात आणली, आणि त्यानंतर सव्वाशे-दीडशे वर्षं जगभरचे शहाणे लोक विषं तोंडानं ओढत राहिले. जर्मनीत मारबुर्गला हाइनरिश श्निट्गर नावाच्या डॉक्टरला या ओढाओढीचा कंटाळा आला. त्यानं १९५७ मध्ये अंगठ्यानं दाबायचं, स्प्रिंगचं मायक्रोपिपेट केलं. आज पॅथॉलॉजीच्या कुठल्याही लॅबमध्ये टक-टक आवाज येतो तो त्याचाच वंशज. कंटाळा हा शोधाचा बाप आहे हे मी वर्गात सांगायचो, तेव्हा मुलं पहिल्यांदा मान वर करायची.

इलेक्ट्रॉनिक तराजू आला आणि चिमटा, रायडर, श्वास रोखणं सगळं गेलं. त्याचं मला अजिबात वाईट वाटलं नाही. नॉर्मॅलिटी गेली, मोलॅरिटी आली. २० मे २०१९ पासून तर मोल म्हणजे नेमके किती कण हा आकडाच व्याख्येत बांधून टाकला. तेही चांगलंच झालं, कारण त्याच सल्फ्युरिकचं एका ठिकाणी ३६ आणि दुसऱ्या ठिकाणी १८ का, हे समजावताना माझी दोन वर्षं गेली असतील. मग तयार ॲम्प्यूल मिळायला लागल्या. कुपी फोडा, लिटरच्या चंबूत ओता, धुऊन घ्या, खुणेपर्यंत भरा, डेसिनॉर्मल तयार. वजन नको, चूक नको. आणि मग करोना. २०२१ ला बारावीची लेखी परीक्षाच झाली नाही, प्रॅक्टिकल पडद्यावर. माझी नात पुण्यात असते. तिनं मला लॅपटॉपवर टायट्रेशन करून दाखवलं. माउसनं तोटी फिरवली, थेंब पडले, रंग बदलला. एक थेंब जास्त पडला. तिनं 'रीसेट' दाबलं.

"आजोबा, तुम्ही काय करायचात?"

"ओतून द्यायचो."

"सगळं?"

मी तिला शर्टाची गोष्ट सांगितली. तिला ती फार आवडली, विशेषतः टेरी उरल्याचा भाग. जिच्यातली प्रत्येक गोष्ट धोक्याची होती ती लॅब तिच्या वाट्याला आली नाही याचं मला बरंच वाटतं. पण चंबूच्या मानेसमोर बसून शेवटच्या तीन थेंबांना जो वेळ लागायचा, तो तिच्या पडद्यावर कुठंच नाही. तो वेळ म्हणजेच पातळ करणं होतं, बाकीची सगळी तयारी.

गंमत बघा, आता आमच्याच जिल्ह्यात औंढ्याजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारं लायगो उभं राहतंय. केंद्रानं २०२३ मध्ये अंतिम मंजुरी दिली. प्रोटॉनच्या जाडीच्या दहाहजाराव्या भागापेक्षाही कमी असा लांबीतला फरक मोजणारं यंत्र, कापूस-सोयाबीनच्या शिवाराशेजारी. त्या शिवारात औषध मोजतात ते कशानं, हे मला परवा-परवापर्यंत माहीत नव्हतं.

आषाढीहून परतलेले वारकरी वद्य एकादशीला नरसीत येतात, तिला आम्ही परतवारी म्हणतो. निवृत्तीनंतर मी ती चुकवत नाही. कयाधूच्या काठानं नुसती माणसं. पंजाबकडूनही लोक येतात. नामदेवांची ६१ पदं गुरू ग्रंथ साहिबात आहेत, त्यांना हे गाव आपल्याइतकंच जवळचं. लहानपणी या यात्रेआधी विहिरींवर ब्लीचिंग पावडर टाकण्याचा कार्यक्रम व्हायचा. नागपूरच्या नीरीनं दुहेरी मडक्याची पद्धत काढलेली, मडक्यात मडकं, आत किलोभर पावडर आणि दोन किलो वाळू, भोकांतून हळूहळू झिरपत राहणारी. अशी मडकी विहिरीत टांगलेली आम्ही बघितलीत. पोरं त्याला विहिरीची घंटा म्हणायची. आता गावोगाव जलसुरक्षक असतो, तो टाकीत टीसीएल, म्हणजे तीच ब्लीचिंग पावडर, टाकतो आणि नळाच्या पाण्याची ओटी टेस्ट घेतो. पाणी पिवळं झालं की क्लोरिन आहे. हिशेब साधाच असतो: हजार लिटरला अडीच ग्रॅम. तीन मीटर व्यासाच्या विहिरीत चार मीटर पाणी असेल तर सत्तर ग्रॅमच्या आसपास पावडर, ओंजळभरसुद्धा नाही. तीही सरळ ओतायची नाही. बादलीत कालवायची, दहा मिनिटं ठेवायची, चुना तळाला बसला की वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ते विहिरीत सोडायचं. पण यात्रेची गर्दी बघून माणसाचा हात सुटतो. मी घमेल्यानं टाकलेलीही बघितलीय, आणि त्या दिवशीच्या चहाला पोहण्याच्या तलावाचा वास होता.

यंदा परतवारीच्या दुसऱ्या दिवशी पुतण्या म्हणाला, "काका, चला शेतात. तणनाशक मारायचंय सोयाबीनला, पावसाच्या आत." बांधावर दोनशे लिटरचा ड्रम, सोळा लिटरचा बॅटरीवरचा पंप, आणि प्लॅस्टिकची बाटली. त्यानं पंपात काठोकाठ पाणी भरलं. बाटलीचं टोपण काढलं, भरलं, पंपात उपडं केलं. अजून अर्धं. वाळक्या काडीनं दोनदा ढवळलं. औषध पांढऱ्या दोरीसारखं तळाला गेलं आणि तिथंच घुटमळलं.

"टोपण किती मिलीचं?"

"पंपाला दीड टोपण. दुकानदारानं सांगितलंय."

"ते ठीक, पण टोपण किती मिलीचं?"

तो हसला. "काका, टोपण टोपणाएवढंच राहतंय."

मी बाटलीवरचं पत्रक उलगडलं. घडी घालून चिकटवलेला कागद, मुंगीएवढी अक्षरं, आठ-दहा भाषा. चौकटीत रंगीत त्रिकोण: लाल म्हणजे अति जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. मात्रा दिलेली हेक्टरी. हेक्टरवरून एकर, एकराला किती पंप लागतात, पंपाला किती मिली, हा सगळा त्रैराशिकाचा धडा दुकानदार तोंडी सोडवून देतो आणि त्याचं उत्तर येतं टोपणात. दर कंपनीचं टोपण वेगळं. ज्या खोलीत साठ पोरांवर चार डोळे रोखलेले असत तिथलं पातळ करणं जवळजवळ बंद झालं, आणि इथं रोज सकाळी प्रत्येक बांधावर ते चाललंय, ऑक्झॅलिक आम्लापेक्षा कितीतरी जहाल जिनसांचं, उघड्या हातानं. २०१७ च्या पावसाळ्यात शेजारच्या यवतमाळात कपाशी फवारताना विषबाधा होऊन वीसेक माणसं गेली. त्याची कारणं अनेक होती, उंच वाढलेली कपाशी, तोंडाला काही न बांधणं, दोन-तीन औषधं एकात मिसळणं. पण मिसळण्याची ती जागा, ड्रम आणि काडी, प्रत्येक वेळी हीच असणार.

मी त्याला उपदेश केला नाही. तीस वर्षं करून बघितलाय. घरी गेलो. माझ्या टेबलावर एक जुना काचेचा ५० मिलीचा मोजदंड आहे, ओठाशी टवका उडालेला. शाळेच्या लिलावात मी पाच रुपयांना घेतला होता, त्यात पेनं ठेवतो. पेनं काढली आणि तो घेऊन बांधावर आलो. हातमोजे नव्हते म्हणून दुधाच्या रिकाम्या पिशव्या हाताला बांधल्या, पुतण्याच्या आणि माझ्या. टोपण काठोकाठ भरून मोजदंडात ओतलं. ३४ मिली.

"मला वाटलं पंचवीस," तो म्हणाला.

"म्हणजे दीड टोपणाला एक्कावन्न."

तो काही बोलला नाही. मनातल्या मनात गेल्या तीन वर्षांच्या बाटल्यांचा हिशेब चाललेला तोंडावर दिसत होता. विषापेक्षा त्याला पैसा आधी आठवला असेल तर मी त्याला दोष देत नाही. मग आम्ही पंप रिकामा केला आणि साध्या पाण्यानं अर्धा भरला. मगात थोडं पाणी घेऊन मोजलेलं औषध त्यात कालवलं, ते दुधासारखं एकजीव झालं तेव्हा अर्ध्या भरलेल्या पंपात सोडलं, मग धुऊन धुऊन मगही, मोजदंडही, ते पाणी आतच. मग वरपर्यंत पाणी आणि झाकण लावून हेलकावे. मोजचंबूतलीच सगळी चाल, आकार तेवढा वेगळा.

"काका, असं प्रत्येक पंपाला करत बसलो तर पाऊस येईल."

"येऊ दे."

दुसऱ्या पंपाला तो स्वतः मोजायला बसला. खरंच बसला, चिखलात गुडघे टेकून, मोजदंड डोळ्यासमोर धरून. औषध गडद तपकिरी होतं. बाटली तिरकी करत करत थांबला.

"मधे खड्डा दिसतोय. खालची कड धरायची का वरची?"

मी वाकून बघितलं. ऊन पलीकडून येत होतं, तळ जेमतेम दिसत होता. "आज खालची," मी म्हणालो. "ढग आले तर वरची."

मोजदंड आता तिकडंच आहे, खोपटात खिळ्याला सुतळीनं बांधलेला. त्यात पुन्हा पेनं ठेवण्यासारखं काही राहिलेलं नाही. पेनं मी हॉर्लिक्सच्या बाटलीत ठेवतो. तोंड रुंद आहे, सगळी एका बाजूला कलंडतात.